मागचं चाक

मौनाचा बिगुल वाजायला तीन मिनिटं उरली होती आणि पर्सी ऑल्डरटन स्मारकाच्या मागे पँटची बटणं सोडून उभा होता. वय त्र्याण्णव. एका हातात काठी, समोर लँकॅस्टर बॉम्बरचं जुनं चाक. महायुद्धात इथून उडालेल्या दोन्ही स्क्वाड्रनची, विमानतुकड्यांची, नावं दगडाच्या पुढच्या अंगाला कोरली होती आणि विमानाचं मागचं चाक म्हणून हे दगडाच्या मागेच बसवलं होतं. समितीची अक्कल!

सकाळपासून त्याने पाच कप चहा रिचवला होता. लिंकनशरचा वारा जुन्या धावपट्टीवरच्या बीटाच्या शेतातून सरळ तोंडावर येत होता. डोळ्यांना धार लागली होती. जिथून यायला हवं, तिथून टिपूस नाही.

"बाबा!" मॉरीन धापा टाकत आली. "लाज आहे का काही? मौन झालं की पुष्पचक्र तुम्हाला वाहायचंय."

"माझं वाहत नाहीये, तेच तर दुखणं आहे!"

"तिकडे शौचालय आहे, चला."

"तिकडे चाक आहे का?"

बापाच्या थापा ऐकत मॉरीन साठीला आली होती. उडत्या विमानाच्या शेपटीतून हात काढून बदक धरणाऱ्या गनरची, तिथल्या मशीनगनवाल्याची, गोष्ट तर तिला पाठ होती. तिने कपाळाला हात लावला.

"ही थाप नाही गं," पर्सी म्हणाला. युद्धात तो इथल्या विमानांचा मेकॅनिक होता. "शकुन म्हणून मागचं चाक ओलं केल्याशिवाय कुणी विमानात चढायचं नाही. सातही जण ओळीने उभे राहायचे. त्या दिवशी टायर नवा होता. मी म्हटलं, आज नको रे, रबर कुजतं, सार्जंट माझी सालटी काढतो. ते हसले. 'पर्सीबाईंचा हुकूम!' म्हणाले, बटणं लावली आणि चढले."

"मग?"

"मग काय? नवाच असेल तो टायर अजून. समुद्राच्या तळाशी." त्याने चाकाकडे बघत दात आवळले. "सोमवारी डॉक्टर नळी बसवणार. त्यानंतर जमायचं नाही, मॉरीन. त्या सातांचं राहिलंय, आजच व्हायला हवं. ये ना गं बाई... ये!"

बिगुल वाजला. दगडापलीकडे दोनशे माना खाली गेल्या. मॉरीनने एकदा दगडाच्या आडून तिकडे पाहिलं, एकदा बापाकडे. मग कोट दोन्ही हातांनी फाकवून ती त्याच्याकडे पाठ करून उभी राहिली.

वारासुद्धा पडला. त्या शांततेत आधी एक थेंब रबरावर वाजला. मग दुसरा. मग बारीक, अडखळत, धार.

पहिल्या रांगेतल्या म्हाताऱ्या वैमानिकाच्या मिशा हलल्या. मान कुणी वर केली नाही. बिगुल पुन्हा वाजला, मौन संपलं, तरी पहिली रांग तशीच उभी होती.

"झालं का?" मॉरीन कुजबुजली.

"थांब," पर्सी म्हणाला. "शेपटीतला गनर राहिलाय अजून."