सप्त्यातली बंद चक्की

आमच्या धनज गावच्या देवळाला लागूनच जगदेवची डिझेलवरची चक्की होती. दरवर्षी सप्त्यात दुपारचं कीर्तन रंगात आलं की नेमकं तिचं इंजिन धडधडायला लागे, आणि माझा जीव चुटपुटे. त्या वर्षी सप्त्याच्या आदल्या दिवशी जगदेवने इंजिनाचा फ्युएल पंप माझ्या कारंज्याच्या दुकानात दुरुस्तीला आणला. संध्याकाळपर्यंत मी तो खोलून, प्लंजर घासून, पुन्हा जुळवून तयारही केला. त्याला मात्र सांगितलं, "भाऊ, प्लंजर बराबर बसून नाही राह्यला. आठ दिवस तरी लागतीन."

पंप माझ्या पेटीत राहिला आणि मी सातही दिवस पहिल्या ओळीत बसून कीर्तन ऐकलं. बुवांचा शब्द न् शब्द कानात पडला.

काल्याच्या पंगतीत तुळसाबाई पोळ्या वाढायला आली. तिच्या दोन्ही तळव्यांना चिंध्या बांधलेल्या होत्या.

"मावशी, कीर्तनाले दिसल्या नाही या वर्षी?"

"कायचं कीर्तन, बाप्पा! चक्की बंद पडली ना. एवढ्या पंगतींचं पीठ आमी बायांनी जात्यावर काढलं. सात दिवस मान वर केली नाही."

पानातली पोळी मला मोडवेना. तुळसाबाई टोपली खाली ठेवून माझ्यासमोर टेकली.

 

"तुमी तं पार समोर बसले होते म्हणे, मिस्तरी. सांगा ना मले, काय काय बोलले बुवा?"