हेराचा डावा खिसा

कोट अंगात चढवताच नव्या हिरोचा डावा हात खिशात मनगटासकट गडप झाला. "दादा, एवढा खोल खिसा?"

सकाळपासूनच ड्रेसदादा मोरेश्वरचा जीव थाऱ्यावर नव्हता. पडद्यावरच्या या गुप्तहेराच्या आधीच्या सातही सिनेमांचे कोट त्यानेच शिवले होते. आठव्यात हिरो बदलला, मापं बदलली, पण खिसा सवयीने जुनाच बेतला गेला.

"स्टाईल आहे, साहेब," तो पुटपुटला. पब्लिकलाही तसंच वाटायचं. कॉलेजची पोरं डावा हात खिशात खुपसून ऐटीत हिंडायची. जुन्या साहेबांचा तो हात थरथरायचा, म्हणून खिसा खोल आणि आतून जाड फ्लॅनेलचा, हे एकट्या मोरेश्वरला ठाऊक होतं.

"द्या इकडे, दोन मिनिटांत उथळ करतो." त्याने सुईत दोरा ओवला. तेवढ्यात बाहेरून पहिल्या शॉटची हाक आली. कोट काढायला नव्या हिरोने हात बाहेर घेतला, पण बटण काही सुटेना. बोटं लटलट कापत होती. मोरेश्वरने ते पाहिलं, आणि त्याने पाहिलंय हे हिरोलाही कळलं.

हिरोने हात सावकाश परत खिशात घातला.

"राहू द्या, दादा," तो म्हणाला. "स्टाईल आहे."