पुराचं पाणी न लागलेली कॉन्टेसा

ज्ञानूनं ड्रायव्हरच्या सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढून काढला आणि नाकाला लावला.

"वास येतोय?" ऋचानं विचारलं.

"न्हाई." पण त्याचं त्यालाच ते पटलं नाही. त्यानं पट्टा पुन्हा हुंगला.

महापुरानंतर सांगलीत जुनी गाडी घ्यायची म्हटली की पहिला प्रश्न ठरलेला, पुरातली आहे का? उत्तरही ठरलेलं, छे, छे! बुडालेल्या किती गाड्या धुऊन, पुसून, अत्तर मारून लोकांच्या गळ्यात बांधल्या गेल्या, त्याला गणती नाही. पंचवीस वर्षं गॅरेजात पाने फिरवलेला ज्ञानू मिस्त्रीही दोनदा फसला होता. दुधानं तोंड पोळलेला माणूस ताकही फुंकून पितो, तसा तो आता गाडी आधी हुंगायचा आणि मग बघायचा.

ही गाडी तपासायला त्याला पाटणला न्यायला ऋचा सकाळीच सांगलीत आली होती. जन्म सांगलीचा, पण लहानपणीच आईबरोबर पुण्याला गेलेली. "पप्पांकडे कॉन्टेसा होती," पाटणला येताना तिनं सांगितलं होतं. "ते आता नाहीत. मिस्त्री, मला बाकी काही नको. ही गाडी पुरात होती की नव्हती, एवढं नक्की कळलं पाहिजे."

पोरगी बापाच्या आठवणीपायी गाडी घ्यायला निघाली आहे, हे ज्ञानूच्या मनाला भिडलं. हिला काही फसू द्यायचं नाही, असं त्यानं मनाशी ठरवून टाकलं.

गाडी होती मात्र देखणी. लांबलचक बॉनेट, चार गोल दिवे, आणि काळा रंग असा की त्यात बघून मिशीला पीळ द्यावा. पण रंग नवा होता. तो बघूनच ज्ञानूच्या मनात पाल चुकचुकली.

"रंग का वो बदलला?"

"पांढरा लय मळायचा," मालक धैर्यशीलराव म्हणाले. साठीचा गडी, कडक इस्त्रीचा सदरा. बोलता बोलता हातातल्या फडक्यानं दाराची मूठ पुसत होते. "इकायची न्हवती हो. पर गुडघं गेलं. क्लच दाबवंना."

"आरसी बुक?"

"त्ये पुरात गेलं. सांगलीच्या खोलीवर हुतं. डुप्लिकेटचं काम एजंटाकडं दिलंय."

ज्ञानूनं ऋचाकडं पाहिलं. "कागद पुरात, आन गाडी कोरडी? आवं, आमी काय आजच जन्माला आलो व्हय?"

धैर्यशीलरावांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी स्वतःच वाकून गाडीतलं मॅटिंग उचकटलं. "बघा! कुटं गाळ हाय? बघा की!"

ज्ञानूनं बघितलं. मॅटिंगखालचा पत्रा स्वच्छ होता. मग त्यानं दाराचं पॅड खोललं, सीटच्या स्प्रिंगा चाचपल्या, पुढचा दिवा काढून आत बॅटरी मारली. डिकीतलं जादा चाक काढून त्याखालच्या खळग्यात बोट फिरवलं. बोटाला पाटणची धूळ लागली. कृष्णेचा गाळ कुठंच नाही. चोर सापडला नाही की पोलीस खट्टू होतो, तसा ज्ञानू जरा खट्टू झाला.

"कोरडी हाय, ताई," तो शेवटी म्हणाला. "बिनघोर घ्या."

ऋचाचा चेहरा खुलेल असं त्याला वाटलं होतं. तो उलट उतरला.

"नक्की? थोडंसुद्धा पाणी गेलं नसेल? इंजिनात?"

"आवं, इंजिन तर लोण्यासारखं हाय."

"पण पुराच्या वेळी गाडी होती तरी कुठे?" तिनं धैर्यशीलरावांना विचारलं.

"हितंच! पाणी चढायच्या आदल्या सांजंला मी सवता चालवत आनली सांगलीहून. तवापास्नं माझ्याबिगर कुनाचा हात न्हाई लागला चाकाला."

"एकटेच आलात?"

"एकटाच. पोटच्या पोरागत जपलीय, ताई. पाऊस आला की आदी हिच्यावर ताडपत्री, मग घरावर." त्यांचे डोळे खरंच पाणावले. या माणसाचा गाडीवर जीव होता, यात मात्र ज्ञानूला शंका उरली नाही.

ऋचाची शंका काही फिटेना. ज्ञानूला आता तिचाच वैताग यायला लागला. तिनं बॉनेट उघडायला लावलं. पत्र्यावर ठोकलेल्या चासी नंबरावर कागद धरून पेन्सिल घासली आणि छाप घेतली.

"त्याची काय घाई हाय? कागद आल्यावर बघू की," धैर्यशीलराव चटकन म्हणाले.

"आरटीओत लागतेच ती," ज्ञानूनं समजूत घातली.

मग तिनं पर्समधून दुसरा कागद काढला. अशी लेखी हमी हल्ली सांगलीत सगळेच मागतात. 'सदर गाडी महापुराच्या आदल्या दिवसापासून माझ्याच ताब्यात असून तिला पुराचे पाणी लागलेले नाही.'

"येवढंच ना? आना हिकडं." धैर्यशीलरावांनी झोकात सही ठोकली. साक्षीदार म्हणून ज्ञानूनंही केली. एक नेक काम झालं म्हणून त्याला बरं वाटलं.

ऋचानं कागद घडी करून पर्समध्ये ठेवला.

धैर्यशीलरावांनी पावतीपुस्तक उघडलं. "बोला ताई, घेनाऱ्याचं नाव. पुरं सांगा."

"ऋचा सुमंत मेहेंदळे."

पेन कागदावर टेकलं आणि तिथंच थांबलं.

"लिहा ना," ऋचा म्हणाली. "'माझ्या डोळ्यांदेखत गाडीसकट पुरात वाहून गेले,' असा ज्यांच्याबद्दल तुम्ही पोलिसांत जबाब दिलात, त्या सुमंत मेहेंदळ्यांची मुलगी."