कापऱ्या हाताची झांज

पूर्वरंग संपला, बुवांच्या गळ्यात हार पडला, आणि वृंदा नमुने परत गोळा करायला उठली. थरथरत्या हाताचा कंप ओळखून ताल सावरणाऱ्या, तिनं स्वतः घडवलेल्या झांजा. वाद्यांचे दुकानदार नुसतं "बघू हं" म्हणत टोलवायचे, म्हणून आज तिनं त्यांतल्या तिघांना झांजा देऊन कीर्तनात साथीलाच बसवलं होतं. झांजा मुकाट्यानं परत आल्या, तर कारखान्याचं स्वप्न इथंच मिटणार होतं.

कंपवातामुळे सात वर्षं झांज न धरलेल्या, त्या तिघांतल्याच गद्रेअण्णांनी हातातली झांज छातीशी आवळली.

"वेडी की काय पोरी? उत्तररंग राहिलाय अजून! दुकानासाठी शंभर जोड्या लिही, ही मात्र माझी."

"आमच्याही शंभर!" बाकीचे दोघे ओरडले.

बुवांनी हसत गजर उचलला, आणि अण्णांची झांज पांडुरंगाच्या नावावर नेमकी समेवर आली.