येते हं

सुतकाच्या घरून निघताना ‘येते’ म्हणू नये, मुकाट्याने उठावं, हे नाशिक रोडच्या त्या कॉलनीतल्या सगळ्या सुनांना कुमुदताईंनीच शिकवलं होतं. आणि शेजारच्या लताबाई वारल्यावर तिसऱ्या दिवशी त्या भेटायला गेल्या, तेव्हा उंबऱ्यात सवयीने त्यांच्याच तोंडून निघून गेलं, “येते हं.”

बसलेल्या बायकांनी माना खाली घातल्या. लताबाईंची सून स्नेहा भिंतीकडे बघत राहिली. धरणीने पोटात घ्यावं, असं कुमुदताईंना झालं.

तेवढ्यात स्वयंपाकघरातून आवाज आला, “ये गं. वाट बघते.”

लताबाई रोज हेच म्हणायच्या, ह्याच सुरात. कुमुदताईंनी दचकून मागे पाहिलं. एकीचीही मान वर झालेली नव्हती. आपल्यालाच भास झाला असणार. तोंड लपवत त्यांनी चपला घातल्या आणि जिन्याकडे वळल्या.

दोन पायऱ्या उतरतात तोच स्नेहा मागोमाग आली. रागावलेली नव्हती. उलट तिचाच चेहरा शरमेने काळवंडला होता.

“काकू, तीन दिवसांत कुणीच ‘येते’ म्हणालं नव्हतं हो,” ती खालच्या आवाजात म्हणाली. “आता मागे फिरा. आईंनी तुमचा चहा टाकलाय.”