भूल देणारीचा हात

"सोड आता, ज्ञानदा. त्या गेल्या," हातमोजे काढत सर्जन म्हणाले.

मी सोडणार नव्हते. भूल देताना पुतळाबाईंनी विचारलं होतं, "उठवशील ना गो मला?" मी हो म्हटलं होतं.

उमेळ्याच्या त्या छोट्या नर्सिंग होममध्ये श्वास द्यायचं मशीन नव्हतं. रबरी पिशवी दाबून मी हातानंच श्वास देत होते.

"पिशवी आपोआप भरतेय, सर. त्या श्वास घेतायत."

"नळी बघ."

नळी पुतळाबाईंच्या तोंडातून कधीच निसटली होती. टेबलाखालच्या अंधारात लोंबत होती. पिशवी मात्र संथपणे भरत होती, रिकामी होत होती.

मी ती घट्ट आवळली.

"कोण असशील तो अस," मी खाली न बघता म्हणाले. "त्यांचा श्वास परत दे."

आतून कुणीतरी माझी बोटं धरली.

मीही सोडलं नाही.