नानांच्या गाडीतलं चामडं

तापलं की चामड्यातून किती रसायनं हवेत सुटतात, हा नूतनचा विज्ञान प्रदर्शनाचा विषय. घरात मोजण्याजोगं चामडं एकच, ते म्हणजे तिच्या वडिलांच्या, नानांच्या गाडीच्या सीटचं. गाडी घेऊन दोन वर्षं झाली तरी नाना त्या सीटला फुलासारखं जपायचे. लेकीचा हट्ट म्हणून त्यांनी किल्ली दिली खरी, पण बजावून. "पेनाचं झाकण लावीसन बस, बाई."

मे महिनाभर नूतनने एरंडोलच्या उन्हात, बंद गाडीत शाळेतल्या सरांचं, हवेतली रसायनं मोजायचं मशीन ठेवून आकडे घेतले. सकाळी मशीन गप्प, अन् भर दुपारी आत पन्नास अंश झाले की त्याची नुसती बोंबाबोंब. आलेख असा चढला, की सर म्हणाले, "जळगावची जिल्हा फेरी पक्की समज."

तालुक्याच्या प्रदर्शनात परीक्षकही खूश झाले. "गाडी आणलीये ना? चल, दाखव." नूतन ऐटीत पुढे, नाना तिच्याहून ऐटीत मागे. परीक्षक सीटवर टेकले आणि चर्रर्र आवाज झाला. त्यांनी सीट बोटाने चाचपली, मग चष्म्यावरून नूतनकडे पाहिलं.

"बेटा, शोरूमचं प्लास्टिक अजून सीटवर तसंच आहे. तू महिनाभर हे प्लास्टिकच मोजलंस की. का नाही काढलं?"

नूतनने नानांकडे पाहिलं. उत्तर नानांनी दिलं, तेही छाती फुगवून.



"कसं काढसू, सर? चामडं खराब व्हई जाई ना."